स्लॅबच्या पोटाला काळी पट्टी

तुमच्या आजीला किंवा आजोबांना एकदा विचारा, त्यांच्या लहानपणी घरावर काय होतं. देवगाव रंगारी, कन्नड, वैजापूर या भागात उत्तर बहुधा एकच येईल : माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती लिंपायच्या तर माती भिजवून त्यात भुसा आणि शेण घालायचं, पायांनी चांगलं तुडवायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने लिंपायचं. आजीला पुढचा प्रश्न विचारा : भुसा कशाला घालायचा? ती सांगेल, नाही घातला तर भिंत उलते.

आजीचं अगदी बरोबर आहे. ओली माती वाळताना आकसते. उन्हाळ्यात रिकाम्या रानातली काळी जमीन किती भेगाळते ते तुम्ही पाहिलंच आहे. भिंतीवरच्या मातीलाही तसंच आकसायचं असतं. पण आत भुशाच्या हजारो काड्या आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. एक बारीक चीर सुरू झाली की तिच्या वाटेत एखादी काडी येते. काडीचं एक टोक चिरेच्या अलीकडे मातीत रुतलेलं, दुसरं पलीकडे. चिरेला मोठं व्हायचं तर आधी ती काडी तोडावी लागेल किंवा मातीतून उपसून काढावी लागेल. चीर तिथेच अडकते. ही ‘उपसून काढण्याची’ गोष्ट लक्षात ठेवा. या लेखातली सगळी गंमत तिच्यातच आहे.

एका पदार्थात दुसऱ्या पदार्थाचे धागे मिसळून तिसराच, दोघांपेक्षा गुणी पदार्थ बनवायचा ही युक्ती माणसाने फार पूर्वी शोधली. तिचा एक देखणा पुरावा देवगावहून गाडीने तासाभरात गाठता येतो. वेरूळला गेलात तर कैलास लेणं बघालच, पण बाराव्या क्रमांकाच्या लेण्यातही जा. तीन मजली आहे, म्हणून त्याला तीन ताल म्हणतात. तिथे दगडावर जुन्या मातीच्या गिलाव्याचे तुकडे अजून टिकून आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी या गिलाव्याचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्यांना झाडाचे तंतू दिसले. कोणत्या झाडाचे, हे ठरवण्यासाठी जालन्याच्या बाजूची आणि दिल्लीजवळची ताजी झाडं आणून त्यांच्या तंतूंशी तुलना केली. तंतू जुळले, ते भांगेच्या झाडाचे निघाले! अंबाडीच्या सालीपासून निघतो ना, तसाच चिवट वाख या झाडाच्या खोडाच्या सालीतूनही निघतो, आणि जगात अनेक ठिकाणी त्याचे दोर वळत. वेरूळच्या कारागिरांनी माती आणि चुन्यात साधारण दहा टक्के हा वाख मिसळला होता. २०१६ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात ही माहिती प्रसिद्ध झाली. वाखामुळे गिलावा चिवट झाला, त्याने हवेतला दमटपणा शोषला आणि किडेही लांब राहिले, असं या दोघांचं म्हणणं आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात तूस होतं, काड्या होत्या, पण हा वाख सापडलेला नाही, आणि तिथल्या चित्रांची किड्यांनी बरीच नासधूस केली.

अजिंठ्याला आणखी एक गोष्ट बघा. जिथे गिलावा गळून पडलाय, तिथला दगड गुळगुळीत दिसत नाही. छिन्नीचे घाव तसेच खडबडीत ठेवलेले आहेत. गिलाव्याला दगड धरायला काहीतरी हवं ना! धागा कितीही चिवट असो, ज्याला चिकटायचं त्याच्यावर पकड बसली नाही तर सगळं व्यर्थ. हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

आता माळवदावरून स्लॅबवर येऊ. आज देवगावात नवं घर बांधायचं म्हटलं की सिमेंटचा स्लॅब. सेंटरिंग लागतं, गजांची जाळी बांधली जाते आणि मग एके दिवशी सकाळपासून मिक्सर गरगरायला लागतो. तुम्ही फक्त एका गोष्टीकडे लक्ष दिलंय का? खोलीवरच्या स्लॅबच्या मधल्या भागात ती जाळी खालच्या बाजूला असते. मधोमध नाही, वर नाही, अगदी खाली. का बरं?

यासाठी एक प्रयोग करा. शाळेतले तीन खडू घ्या. एक तसाच ठेवा. दुसऱ्याच्या एका बाजूला लांबीभर फेविकॉल लावून सुती कापडाची अरुंद पट्टी चिकटवा. तिसऱ्यालाही तशीच. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दोन विटांवर खडू आडवा टेकवा, मधोमध दोऱ्याने पिशवी लटकवा आणि तिच्यात एकेक खडा टाकत जा. पहिला खडू काहीही न सांगता काडकन मोडेल. दुसरा ठेवताना पट्टी वर येईल असा ठेवा. तोही मोडेल आणि मधून खाली दुमडेल. तिसरा पट्टी खाली येईल असा ठेवा. हा बघा काय करतो! खडू तडकेल, तडा तुम्हाला दिसेलही, पण तो लगेच कोसळणार नाही. खालचं कापड ताठ होऊन दोन्ही तुकड्यांना धरून ठेवेल.

कारण असं आहे. आडवी वस्तू ओझ्याने वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खडूला दाब चालतो, ताण चालत नाही. काँक्रीटही अगदी या स्वभावाचं. दाबाखाली ते भक्कम उभं राहतं, पण ताणाला त्याची ताकद दाबाच्या साधारण एक दशांश. म्हणून ताण जिथे येतो तिथे, म्हणजे खाली, लोखंडी गज घालायचे. पॅरिसकडच्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने १८६७ साली सिमेंटच्या कुंड्यांमध्ये लोखंडी जाळी घालण्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ही विद्या वाढत गेली.

एक कोडं घालतो. दारावरचा छज्जा भिंतीतून बाहेर निघतो, त्याचं दुसरं टोक मोकळं असतं. त्यातले मुख्य गज वर असायला हवेत की खाली? एका हाताने फूटपट्टीचं टोक टेबलावर दाबून धरा, दुसरं टोक खाली वाकवा आणि विचार करा. वर! छज्जा वाकला की वरची बाजू ताणली जाते. काम चालू असताना पायाखाली येऊन हे गज खाली दबले, तर छज्जा धोक्यात येतो. म्हणून स्लॅबच्या दिवशी गजांवर पाय देऊ नका असं गवंडीकाका ओरडतात, ते उगाच नाही.

आता समजा, शाळेचा एक जुना स्लॅब आहे. काँक्रीट ठीक आहे, पण गज कमी पडताहेत, कारण आता त्याच्यावर एक वाचनालय करायचंय. पुस्तकं भयंकर जड असतात! स्लॅब तोडून नवा घालता येईल. खालून लोखंडी तुळया लावता येतील. पण आणखी एक मार्ग आहे, तो तुमच्या तिसऱ्या खडूचा. स्लॅबच्या पोटाला बाहेरून धाग्यांची पट्टी चिकटवायची.

हे धागे कापसाचे नसतात. असतात कार्बनचे. एकेक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे असे दहाएक तंतू शेजारी शेजारी ठेवले तर तुमच्या एका केसाएवढी रुंदी होईल. असे लाखो तंतू एकाच दिशेने बसवून, इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून, कारखान्यात त्यांची काळी चकचकीत पट्टी बनवतात. पाच सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम सव्वा मिलिमीटर जाड पट्टी घ्या. ती तोडायची तर सुमारे १७ टनांचा ओढा लागेल. तेवढ्याच जाडीरुंदीच्या लोखंडाच्या मानाने वजन फक्त एक पंचमांश. आणि गंज? कधीच नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९९१ साली याची एक खरी परीक्षा झाली. ल्युसर्न शहराजवळ इबाख नावाचा काँक्रीटचा पूल आहे. वाहतुकीचे दिवे बसवण्यासाठी भोकं पाडताना आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा चुकून कापल्या गेल्या. पूल दुरुस्त करायचा तर खालून पोलादी पत्रे चिकटवावे लागले असते, त्यांचं वजन १७५ किलो. ते वर चढवायला, धरून ठेवायला परांच्या बांधाव्या लागल्या असत्या आणि खालून तर मोठा रस्ता जातो. उर्स मायर हे तिथल्या एम्पा या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ कार्बनच्या पट्ट्यांवर काही वर्षं प्रयोग करत होते. पत्र्यांऐवजी त्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. किती किलो लागल्या? ६.२ किलो! शाळेचं भरलेलं दप्तर होईल एवढं वजन. कामगारांनी उचलणाऱ्या गाडीच्या पाळण्यात उभं राहून त्या पट्ट्या हाताने वर लावल्या.

इथपर्यंत सगळे कार्बनचं कौतुक करतात. मला मात्र कार्बनपेक्षा त्याच्यामागच्या एक-दोन मिलिमीटरच्या गोंदाच्या थराचं कौतुक जास्त वाटतं. पट्टी आणि स्लॅब यांच्यात दुसरं काहीच नाही, ना खिळा ना बोल्ट. स्लॅबमधला सगळा ताण या थरातूनच पट्टीत उतरतो.

अंदाज बांधा बरं. पट्टी चिकटवली, गोंद वाळला, आणि आता पट्टीचं टोक काँक्रीटला समांतर ओढत राहिलो, तर सगळ्यात आधी काय हार मानेल? पट्टी, गोंद की काँक्रीट?

बहुतेक वेळा काँक्रीट. काम नीट झालं असेल तर गोंद सुटत नाही, पट्टी तर मुळीच तुटत नाही. पट्टी निघून येते तेव्हा तिच्या पाठीला काँक्रीटचा काही मिलिमीटरचा पापुद्रा चिकटलेला असतो. काँक्रीटची स्वतःचीच कातडी सोलून निघते. मघाशी १७ टन म्हणालो ना? साध्या काँक्रीटवर चिकटवलेली तीच पट्टी अशी सरळ ओढली, तर हिशेबाने ती अडीच-तीन टनांच्या आसपासच सुटून येते. सतरा टन पेलणारा पैलवान, आणि त्याचे पाय मात्र निसरड्या जमिनीवर! स्लॅबमध्ये एखादा तडा पडतो, त्या तड्याशी पट्टी सुटायला सुरुवात होते आणि ते सुटणं टोकाकडे पळत जातं. अभियंत्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, कारण ते फारसा इशारा न देता घडतं.

मग तुम्ही म्हणाल, सोपं आहे, पट्टी लांब लावा. जास्त लांबी म्हणजे जास्त गोंद, जास्त गोंद म्हणजे जास्त पकड. मलाही हे ऐकायला पटतं. पण प्रयोगशाळेत वेगळंच दिसलं. अशा पट्टीची चिकटलेली लांबी वीस-बावीस सेंटिमीटरपर्यंत वाढवत नेली तर पकड वाढते. त्यानंतर लांबी मीटरभर केली, दोन मीटर केली, तरी पकड तेवढीच! याचं कारण असं की ओढताना सगळा गोंद एकदम कामाला लागत नाही. ओढ्याच्या बाजूचा वीतभर भाग सगळं ओझं घेतो, मागचा भाग नुसता उभा असतो. पुढचा भाग फाटला की त्याच्या मागचा वीतभर भाग ओझं घेतो, तो फाटला की त्याच्या मागचा. प्रत्येक वेळी लढणारे तेवढेच. लांबी वाढवून उपयोग एवढाच की पट्टी शेवटपर्यंत सुटायला जास्त वेळ लागतो.

यावर तोडगे निघाले आहेत. पट्टीच्या टोकांना, किंवा मध्ये मध्ये, काँक्रीटमध्ये भोकं पाडून धाग्यांचेच खुंटे गाडतात. त्यांची वरची टोकं पिंजून पंख्यासारखी पट्टीवर पसरून चिकटवतात. दुसरी युक्ती मला फार आवडते. काँक्रीटच्या पोटात करवतीने एक अरुंद खाच पाडायची आणि पट्टी उभी करून त्या खाचेत गोंदासकट बसवायची. आता पट्टीला दोन्ही बाजूंनी काँक्रीट धरतं. पट्टी तीच, गोंद तोच, पण पकड कितीतरी जास्त.

प्रत्यक्ष काम बघायला मिळालं तर जरूर बघा, थोडं लांबून. पट्टी चिकटवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधीच्या तयारीत. गिलावा, चुना, रंग सगळं काढायचं. मग यंत्राने काँक्रीट घासायचं. वरची दुधाळ, भुसभुशीत साय जाऊन आतली खडी दिसेपर्यंत घासायचं. मग धूळ, शेवटच्या कणापर्यंत. धुळीवर गोंद लावला तर गोंद धुळीलाच चिकटतो, आणि धूळ कुणालाच चिकटलेली नसते! (तुमच्या खडूवरचं कापड सुटलं असेल, तर खडू आधी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुन्हा बघा.) मग पाहायचं की काँक्रीट कोरडं आहे का, आणि त्याच्यात दम आहे का. यासाठी पाच सेंटिमीटर व्यासाची लोखंडी चकती स्लॅबला चिकटवतात, तिच्याभोवती गोल काप देतात आणि यंत्राने सरळ खाली ओढतात. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५ किलोचा ओढा काँक्रीटने सोसला नाही, तर तिथे पट्टी लावण्यात अर्थ नाही.

इपॉक्सीचे दोन डबे असतात, राळेचा आणि हार्डनरचा. दोन्ही मिसळले की घड्याळ सुरू. उन्हाळ्यात तर हे मिश्रण आणखी लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. पट्टी लावून रबरी रोलर फिरवायचा, बाजूंनी गोंद बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. वाळल्यावर छोट्या हातोडीने टकटक करत पुढे जायचं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ ‘ढब’ आवाज आला तर त्या ठिकाणी पट्टी अधांतरी आहे.

ही जादू नाही, आणि तिला काही अटी आहेत. पहिली गंजाची. स्लॅबमध्ये पाणी मुरून गज गंजले असतील तर गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. अशा पोपडे निघालेल्या स्लॅबवर पट्टी लावणं म्हणजे पडणाऱ्या पोपड्याला पट्टी लावणं. आधी गळती थांबवायची, गज साफ करायचे, खराब काँक्रीट काढून नवं भरायचं.

दुसरी अट उष्णतेची. कार्बन बिनधास्त असतो. गरम झाल्यावर तो लांबीत वाढतच नाही म्हटलं तरी चालेल, उलट तंतू किंचित आखडतो! पण खोलीच्या तपमानात वाळवलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागतं. खोलीच्या छताखाली, सावलीत, मे महिन्यातही एवढी उष्णता होत नाही. पण आपला छज्जा आठवतोय? त्याला पट्टी लावायची वरून, आणि वर आपल्या मराठवाड्याचं ऊन. तिथे वेगळा गोंद निवडावा लागतो, वरून झाकावंही लागतं. आग लागली तर काय? तेव्हा पट्टी गेलीच असं धरून चालतात. म्हणून अभियंते आधी हिशेब करतात, की पट्टी गळून पडली तरी स्लॅबने स्वतःचं वजन आणि रोजचं बरंचसं ओझं पेललं पाहिजे. तेवढं होत नसेल, तर त्या स्लॅबला पट्टीचा उपाय नाही.

आता थोडं तुमच्या पायाखालचं. वेरूळचं लेणं ज्या काळ्या दगडात कोरलंय तो बसाल्ट. आपल्या विहिरी त्याच्यात खोदल्या आहेत, आपली खडी त्याचीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरून, थंड होऊन हा दगड झाला. बसाल्ट पुन्हा वितळवला, सुमारे १५०० अंशांपर्यंत तापवून बारीक छिद्रांतून ओढला, तर त्याचेही धागे निघतात! प्रत्येक ठिकाणचा बसाल्ट चालत नाही, त्याच्यातल्या घटकांचं प्रमाण जुळावं लागतं. पण दगडाचे धागे, राळ, आणि त्यांची कांब असा गज आज खरोखर बनतो. काचेच्या धाग्यांचाही बनतो आणि तो भारतात विकायला आहे. हे गज बाहेरून चिकटवायचे नसतात, लोखंडाच्या जागी आतच घालायचे असतात. ते गंजत नाहीत, वजनाला हलके असतात. पण जागेवर वाकवता येत नाहीत, हवा तो वाक कारखान्यातूनच आणावा लागतो. शिवाय तेवढ्याच ओझ्याखाली काचेचा गज लोखंडाच्या साधारण चौपट ताणला जातो, म्हणून स्लॅबला पोट येऊ नये यासाठी जास्त गज घालावे लागतात.

आणि पकड? लोखंडी गजावर फासळ्या असतात, त्या काँक्रीटमध्ये रुततात. धाग्यांच्या गजावर कुठे दोरा पिळून गुंडाळलेला असतो, तर कुठे राळ ओली असतानाच चक्क वाळू चिकटवलेली असते. एखाद्या दुकानात असा गज दिसला तर हात फिरवून बघा, खरखर लागेल. पण कापलेल्या टोकाला उघड्या बोटाने हात लावू नका, काचेची बारीक कुसळं कातडीत शिरतात आणि दिवसभर टोचत राहतात.